व्हायरसची सूचना काढली तरी परत येते? आधी ती पाठवतंय कोण ते बघा

सरांचा फोन तिसऱ्यांदा माझ्या काउंटरवर आला तो टिंग-टिंग करतच. लाल त्रिकोण, बाजूला नामांकित अँटिव्हायरससारखं दिसणारं ढालीचं चित्र आणि खाली मजकूर: ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस! सिमकार्ड खराब होण्याची शक्यता. लगेच साफ करा.’ मी वाचेपर्यंत दुसरी सूचना आली. तिच्यात व्हायरस १७ झाले होते.

“अरे, तू काढलंस म्हणाला होतास ना?” सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मला एकदम गृहपाठ न केल्यासारखं वाटलं.

काढलं होतं हो. दोनदा काढलं होतं. पहिल्या वेळी सेटिंगमध्ये जाऊन, दुसऱ्या वेळी अख्खा फोन रिसेट मारून. रिसेटमध्ये नातीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ गेला तो गेलाच, आणि बारा दिवसांनी व्हायरस पुन्हा हजर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत. तिसऱ्या फेरीत मला खरं दुखणं सापडलं. दुकानात आठवड्याला दोन-तीन फोन याच तक्रारीचे येतात आणि त्यातले बरेचसे आधी कुणीतरी ‘साफ’ करून दिलेले असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ही सूचना म्हणजे आहे तरी काय

फोनमध्ये १३ व्हायरस आहेत हे सांगणारी ती वेबसाइट फोनच्या आत बघूच शकत नाही. ब्राउझरमधलं पान तुमच्या फायली, अ‍ॅप्स, सिमकार्ड यातलं काही तपासू शकत नाही. तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि काही पानं तर तो तुमच्यासमोर मोजल्याचं नाटकही करतात. मग सूचना फोनवर आली कशी? तुम्हीच परवानगी दिली म्हणून.

२०१५ मध्ये क्रोमने वेबसाइटना सूचना पाठवायची सोय दिली. हेतू चांगला होता: बातमी आली, क्रिकेटचा स्कोअर बदलला, मेल आला, की पान बंद असलं तरी कळावं. त्यासाठी वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटासा निरोप्या बसवून ठेवते. आधी पडद्यावर छोटी चौकट येते: ही साइट सूचना पाठवू इच्छिते, ‘अलाउ’ की ‘ब्लॉक’? मराठी फोनवर ‘अनुमती द्या’. एकदा अलाउ दाबलं की तो निरोप्या सहसा मुक्काम ठोकूनच बसतो. पान बंद करा, फोन बंद करून चालू करा, त्याला काही फरक पडत नाही.

सापळा लावणारे ते अलाउ कसं दाबायला लावतात ते बघण्यासारखं आहे. पानावर रोबोचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘तुम्ही रोबो नसाल तर अलाउ दाबा’. किंवा व्हिडिओचं गोल चक्र फिरतंय आणि ‘पाहण्यासाठी अलाउ दाबा’. माणूस घाईत असतो, दाबतो. खरी रोबो-चाचणी चित्रं ओळखायला लावते किंवा चौकटीत टिक करायला सांगते. सूचनांची परवानगी ती कधीच मागत नाही. घरातल्या मोठ्यांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

आणि पत्त्याशेजारचं कुलूप? ते पाहून बरेच जण निर्धास्त होतात. गंमत अशी की सूचना पाठवायची सोय फक्त एचटीटीपीएस (म्हणजे बंदिस्त जोडणी) असलेल्या वेबसाइटलाच मिळते. म्हणजे या सापळ्याच्या प्रत्येक पानाला कुलूप असतंच असतं. त्याचं प्रमाणपत्र फुकटही मिळतं. तुमच्या आणि त्या पानाच्या मधला रस्ता बंदिस्त आहे, इतकंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलाय हे त्याला ठाऊक नसतं. लोकांचा हा गैरसमज लक्षात घेऊनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह बदलून टाकलं.

सूचना झटकू नका, दाबून धरा

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा बोटाने सूचना बाजूला सारून दाखवतो. “बघा, काढली तरी येते.” सारल्याने पुरावाच जातो. त्याऐवजी सूचनेवर बोट दाबून धरा. ती कोणत्या अ‍ॅपची आहे हे लगेच दिसतं, आणि यापुढची सगळी दिशा त्या एका नावावर ठरते.

एक सावधगिरी. सूचनेखाली ‘क्लीन’, ‘इग्नोर’, ‘अनसबस्क्राइब’ अशी बटणं असतील तर त्यातली काही वेबसाइटने स्वतः बनवलेली असू शकतात. बटणावर काय लिहायचं आणि दाबल्यावर काय उघडायचं हे तिच्या हातात असतं. त्यामुळे ‘इग्नोर’ दाबूनही माणूस थेट सापळ्याच्या पानावर पोचतो. बटणांना हात लावू नका, दाबून धरल्यावर फोन जे दाखवतो तेवढंच खरं.

वर क्रोमचं नाव आणि सोबत एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसला, तर ही वर सांगितलेलीच भानगड. पत्ता बहुधा निरर्थक असतो, अर्धा इंग्रजी शब्द, मग आकडे, शेवटी कधी न ऐकलेलं शेपूट. क्रोम उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी असते. सरांच्या यादीत १९ नावं होती, त्यातल्या दोनच त्यांना माहीत होत्या. उरलेली एकेक उघडून ब्लॉक करायची. नुसती काढून टाकली तर तीच वेबसाइट उद्या पुन्हा विचारू शकते. ब्लॉक केली तर विचारता येत नाही.

याच पानावर वरती एक मोठं बटण असतं, सगळ्याच वेबसाइटना सूचनांसाठी विचारायला मनाई करणारं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर मी ते सरळ बंद करतो. पण इथेच पुष्कळ जण फसतात. हे बटण बंद केल्याने नवीन विचारणा थांबते, आधी परवानगी मिळालेल्या वेबसाइट तशाच चालू राहतात. म्हणून आधी यादी रिकामी करायची आणि मग बटण. पहिल्या वेळी सरांच्या फोनवर मी यादी साफ केली आणि चहा आला म्हणून हे बटण विसरलो. माझी चूक, कबूल.

वर क्रोमऐवजी दुसऱ्याच ब्राउझरचं नाव आलं तर यादी त्या ब्राउझरमध्ये शोधायची. सॅमसंगच्या फोनवर सॅमसंगचा स्वतःचा ब्राउझर असतो, काही जण फायरफॉक्स किंवा ऑपेरा वापरतात. प्रत्येकाची परवानग्यांची वही वेगळी. लॅपटॉपवरही तेच, क्रोम साफ केलं आणि एजमधून सूचना येतच राहिल्या अशी उदाहरणं रोजची. लॅपटॉपवर खिडकी बंद केली तरी सूचना येतात म्हणून लोक घाबरतात. क्रोममध्ये ‘खिडकी बंद केल्यावरही पार्श्वभूमीला चालू राहा’ अशी एक सेटिंग असते, ‘सिस्टिम’ या मथळ्याखाली. ती बंद करा.

हिस्टरी पुसल्याने हे जात नाही. हिस्टरी आणि कॅशे वेगळं, परवानग्या वेगळ्या. पुसायच्या पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘साइट सेटिंग्ज’ नावाची चौकट असते, तिच्यावर आपण होऊन टिक करावी लागते. त्यामुळे ‘मी रोज हिस्टरी डिलीट करतो’ म्हणणाऱ्याच्या फोनवर हे निरोपे वर्षानुवर्षं सुखाने नांदतात.

क्रोमचं नाव नसेल तर

दाबून धरल्यावर एखाद्या अ‍ॅपचं नाव आलं, ‘क्लीनर’, ‘बूस्टर’, ‘टॉर्च’, ‘क्यूआर स्कॅनर’ अशा वळणाचं, तर गुन्हेगार तेच. काढून टाका. काढताना ‘अनइन्स्टॉल’ दबतच नसेल तर त्या अ‍ॅपने स्वतःला डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क मिळवून घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ टाका, तो हक्क काढा, मग अ‍ॅप निघेल.

सूचना नाहीच, पण कुठलंही अ‍ॅप उघडलेलं नसताना अख्ख्या पडद्यावर जाहिरात येते, तर तोही कुठल्यातरी अ‍ॅपचाच उद्योग. जाहिरात पडद्यावर असतानाच नुकत्याच वापरलेल्या अ‍ॅप्सचं चौकोनी बटण दाबा, वर छोटं चिन्ह दिसेल. सेटिंग्जमध्ये ‘इतर अ‍ॅप्सच्या वर दाखवा’ अशी एक परवानगी असते, तिची यादीही चाळा. कॅल्क्युलेटरला सगळ्यांच्या डोक्यावर बसायची काय गरज? तरीही सापडलं नाही तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर ‘पॉवर ऑफ’ या चिन्हावर बोट दाबून धरलं की विचारतं. सेफ मोडमध्ये तुम्ही घेतलेली अ‍ॅप्स झोपलेली असतात. तिथे जाहिरात थांबली तर अ‍ॅपचाच दोष हे पक्कं, मग अलीकडे घेतलेल्या अ‍ॅपपासून एकेक काढत मागे जायचं.

आयफोनवाल्यांकडे हाच प्रकार कॅलेंडरमधून येतो. रोज सकाळी ९ वाजता ‘तुमचा आयफोन धोक्यात आहे’ अशी मीटिंग. कधीतरी एखाद्या पानावर ‘ओके’ दाबताना परक्याच्या कॅलेंडरचं सदस्यत्व घेतलेलं असतं. एकेक मीटिंग पुसत बसू नका. कॅलेंडर अ‍ॅपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’ उघडून ते परकं कॅलेंडर शोधा आणि ‘अनसबस्क्राइब’ करा, सगळं एका फटक्यात जातं.

आता सरांची गोष्ट

तिसऱ्या वेळी यादी पुन्हा उघडली तर ११ नवी नावं. रिसेटनंतर बारा दिवसांत अकरा! म्हणजे कुणीतरी रोजच्या रोज सरांना सापळ्यापर्यंत नेऊन सोडत होतं. मी विचारलं, “सर, रोज फोनवर काय काय बघता?”

“पेपर. यूट्यूबवर कीर्तन. बाकी काही नाही.”

“अजून काही?”

सर जरा घुटमळले. दुकानात दोन गिऱ्हाईकं झेरॉक्ससाठी उभी होती. ती गेल्यावर हळूच म्हणाले, “भाचीसाठी स्थळं बघतो. ते मंडळाचं असतं ना वधू-वरांचं, तिथे.”

मी माझ्या संगणकावर त्या मंडळाचा पत्ता टाकला. वेबसाइट व्यवस्थित उघडली. गणपतीचं चित्र, नोंदणीचा अर्ज, मेळाव्याची तारीख. सरांच्या फोनवर पत्ता टाकला, तिथेही ठीक. मी म्हटलं, “सर, यात काही नाही.”

“पण मी असं नाही उघडत,” सर म्हणाले आणि त्यांनी गुगलवर मराठीत मंडळाचं नाव बोलून शोधलं, पहिल्याच निकालावर बोट ठेवलं. पान क्षणभर पांढरं झालं, पत्त्याच्या पट्टीत तीन-चार नावं झरझर बदलली आणि रोबो उभा राहिला: ‘अलाउ दाबा’. सर सराईतपणे बोट पुढे नेत होते, मी हात धरला.

मंडळाची वेबसाइट हॅक झालेली होती, आणि मोठ्या चलाखीने. घुसवलेला कोड आधी पाहुण्याची चौकशी करतो. मोबाइलवरून आलाय का? गुगलच्या शोधातून आलाय का? पहिल्यांदाच आलाय का? तिन्हीला हो असेल तरच त्याला सापळ्याकडे ढकलतो. त्यानंतर ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, ठेवून देतो, म्हणजे तोच माणूस लगेच पुन्हा आला तर त्याला खरं पान दिसतं आणि ‘मघाशी माझंच काहीतरी चुकलं’ असं वाटतं. वेबसाइटचा मालक नेहमी थेट पत्ता टाकून, लॅपटॉपवरून, लॉगिन करून येतो. त्याला यातलं काहीच कधी दिसत नाही. मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला तेव्हा ते म्हणालेही, “आमच्याकडे तर छान उघडते.” खोटं बोलत नव्हते.

हा प्रकार एकट्यादुकट्या मंडळाचा नाही. ‘बालाडा इंजेक्टर’ असं नाव मिळालेली एक मोहीम २०१७ पासून वर्डप्रेसच्या (वेबसाइट बनवायचं लोकप्रिय साधन) वेबसाइटमध्ये अशीच घुसत आली आहे. सुरक्षा तज्ज्ञांच्या अंदाजाने दहा लाखांच्या घरात वेबसाइट तिला बळी पडल्या, आणि तिथून लोकांना कुठे ढकललं जातं? खोटी लॉटरी, खोटी टेक-सपोर्ट, आणि हीच अलाउची पानं.

तेव्हा तुमच्याकडे सूचना पुन्हा पुन्हा येत असतील तर एक दिवस नेहमीच्या वाटेने फिरून बघा. ज्या वेबसाइट तुम्ही नेहमी उघडता त्या ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत, मोबाइल डेटावर, गुगलमधून शोधून उघडा. थेट पत्ता टाकू नका आणि मधे काही दाबू नका. पत्त्याची पट्टी झरझर पळाली की सापडला. मग ती वेबसाइट सुधारेपर्यंत बंद ठेवायची. सिनेमा फुकट दाखवणारी, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची पीडीएफ देणारी, क्रिकेटचा सामना ‘लाइव्ह’ दाखवणारी पानं या यादीत असतील तर वेगळा पुरावा कशाला हवा? त्यांचा धंदाच त्यावर चालतो.

वेबसाइट तुमचीच असेल तर

शाळा, मंडळ, पतसंस्था, छोटं दुकान, सगळ्यांची कथा सारखी. कुणाच्यातरी भाच्याने सहा-सात वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर करून दिलेली वेबसाइट. विकतची थीम (वेबसाइटचा तयार साज) कुठूनतरी फुकट उतरवलेली. अशा फोडलेल्या थीममध्ये चोरदरवाजा आधीच बसवलेला असू शकतो. भाचा आता पुण्यात नोकरीला, प्लगिन (वर्डप्रेसला जोडलेले जादा तुकडे) अपडेट करायला कुणी नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मंडळाचं नाव आणि १२३.

मंडळाच्या वेबसाइटमध्ये मी पहिल्या दिवशी पाहुण्यांना पळवणारा कोड शोधून काढला आणि मिशीवर ताव दिला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. इथेही तेच दुखणं! कोड म्हणजे लक्षण, तो परत लिहून ठेवणारा दुसरीकडे लपलेला होता. युजर्सच्या यादीत एक अनोळखी अ‍ॅडमिन होता. फोटो ठेवायच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, एक फाइल होती. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइलला काही काम नसतं, दिसली की संशय घ्या. आणि खरा चोर ‘मस्ट-यूज’ प्लगिनच्या फोल्डरमध्ये होता. तिथली प्लगिन नेहमीच्या यादीत चालू-बंद करायला दिसत नाहीत, आपोआप चालतात, म्हणून ती जागा चोरांच्या आवडीची.

मग शहाणपण आलं. वर्डप्रेसच्या मूळ फायली नव्याने टाकल्या, प्लगिन आणि थीम अधिकृत जागेवरून पुन्हा घेतल्या, न लागणारी उडवली. अनोळखी अ‍ॅडमिन काढला. होस्टिंग, डेटाबेस, एफटीपी आणि प्रत्येक अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, आणि कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्याही, कारण त्या बदलल्या की आधीपासून आत बसलेले सगळे बाहेर पडतात. जुना बॅकअप टाकायचा मोह झाला होता. बरं झालं टाकला नाही, उघडून पाहिला तर चोर त्यातही होता. शेवटी गुगलच्या, वेबसाइट-मालकांसाठी असलेल्या सर्च कन्सोलमध्ये ‘सिक्युरिटी इश्यूज’ पाहिलं. तिथे इशारा असेल तर साफसफाई झाल्यावर फेरतपासणीची विनंती करता येते.

‘अलाउ’पेक्षा भयंकर

२०२४ पासून याच रोबो-पानाचा एक थोरला भाऊ फिरतोय, आणि तो लॅपटॉपवाल्यांसाठी आहे. पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तोवर तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांत तुम्ही ती स्वतःच्या हाताने संगणकावर चालवता. अलाउ दाबल्याने नुसती कटकट होते. इथे मात्र ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि उघडी लॉगिन थेट चोराकडे जातात. कुणी हे करून बसलं असेल तर त्या संगणकाचं इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, आधी मेलचा, मग बँकेचा. तो संगणक माझ्यासारख्याकडे न्या आणि विंडोज नव्याने टाकून घ्या. इथे रिसेट योग्यच.

पैसे गेले असतील तर

सूचनेवर बोट लागलं आणि पान उघडलं, एवढ्यावर सहसा काही बिघडत नाही. पुढे काय केलं ते महत्त्वाचं. एका काकूंनी ‘व्हायरस काढायला’ ४९९ रुपये भरले होते. अ‍ॅप काढून टाकल्यावरही दर महिन्याला पैसे जातच राहिले. अ‍ॅप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा, आणि यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपे विभागही. काकूंची वर्गणी तिथे सापडली, रद्द केली.

कार्डाचा नंबर, ओटीपी दिला असेल किंवा कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घेतलं असेल, तर आधी बँक आणि लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन. पैसे वाटेतच अडवता आले तर आले, म्हणून उद्या सकाळची वाट बघू नका. आणि खरोखरच तपासणी करायची इच्छा असेल तर प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट आहे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनं आहेत. दोन्ही फुकट.

मग त्या हॉलच्या जाहिराती?

फोन शांत झाल्यावर सरांनी पुढचा प्रश्न काढला. “स्थळं बघायला लागल्यापासून पेपर उघडला तरी मंगल कार्यालयांच्या आणि शालूंच्या जाहिराती येतात. तोही व्हायरसच का?”

नाही, हे वेगळं प्रकरण. इथे कुणी घुसलेलं नाही, इथे पाळत आहे, आणि ती राजरोस. १९९४ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी काढली, ती वेबसाइटला तुमची ओळख लक्षात राहावी म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी तिचा उपयोग ओळखला. एकाच कंपनीचा तुकडा शालूंच्या दुकानातही बसवलेला आणि पेपरच्या पानावरही, मग तुम्ही इथून तिथे गेलात हे तिला कळतं. अशा तिऱ्हाईत कुकी सफारी २०२० पासून आपणहून अडवतो. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक वेबसाइटची कुकींची बरणी वेगळी ठेवली. क्रोमही त्या काढणार होता, पण जुलै २०२४ मध्ये गुगलने तो बेत सोडला. म्हणून क्रोममध्ये आपणच जाऊन ‘थर्ड-पार्टी कुकीज’ ब्लॉक करायच्या. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गुगल, मग ‘अ‍ॅड्स’, तिथे ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ हेही दाबा, म्हणजे अ‍ॅप्समधली जोडणी तुटते. जाहिराती संपत नाहीत, फक्त तुमच्या मागावरच्या कमी होतात. इन्कॉग्निटोचा यात लोकांना वाटतो तेवढा उपयोग नाही. तो घरच्यांपासून हिस्टरी लपवतो, वेबसाइटपासून तुम्हाला लपवत नाही.

सरांनी दोन्ही सेटिंग करून घेतल्या. मंडळाचा थेट पत्ता मी त्यांच्या होम स्क्रीनवर ठेवून दिला, म्हणजे गुगलमधून जायला नको.

आठ दिवसांनी सर परत दुकानात. माझ्या पोटात गोळा आला. “आता काय, सर?”

“आता काहीच वाजत नाही. बँकेचा ओटीपी येऊन जातो, मला पत्ता नाही. मुलाचा फोन येऊन गेला.”

घरी गेल्यावर त्यांनी खबरदारी म्हणून एकेका अ‍ॅपच्या सूचना स्वतःच बंद केल्या होत्या, मेसेजच्याही, फोनच्याही, आणि वर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं होतं. मेसेज आणि फोनच्या चालू केल्या, डू नॉट डिस्टर्ब काढलं. समोरच बसून मुलाला मिस्ड कॉल द्यायला सांगितला. वाजला.